तिले बोलू द्या

"थांबा सर, तिले बोलू द्या."

एवढं म्हणून आमचे मिस्त्री स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे आणि लाकडी मूठ कानाला लावून डोळे मिटायचे. आपण आजार सांगायला तोंड उघडलं की त्यांचा डावा हात वर. गाडी बोलत असताना मालकानं मध्ये बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. मग डोळे उघडून निकाल, "चेन ढिली आहे. अन् सर, तुम्ही क्लच अर्धा दाबून चालवता." गाडीबरोबर माझीही तपासणी व्हायची, आणि दोघांत दोष बहुधा माझाच निघायचा.

मी नांदुऱ्याला शाळेत विज्ञान शिकवतो. चार स्ट्रोकचं इंजिन फळ्यावर इतकं सुबक काढतो की पाहणाऱ्याला वाटावं, यानं हातानं दहा इंजिनं खोलली असतील. खरं सांगायचं तर प्लग कुठं असतो हे मला मिस्त्रींनी दाखवलं, तेही तीन वेळा. एकदा गाडी काही केल्या सुरू होईना म्हणून भर उन्हात ढकलत त्यांच्या दुकानापर्यंत नेली. त्यांनी पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरवला आणि किक मारली, गाडी सुरू. कुणाला सांगत नाही, असंही म्हणाले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये शिपायानं मला विचारलं, "सर, आज पेट्रोल आहे ना?"

ही जुनी गाडी सतरा वर्षांची झाली तेव्हा बायको म्हणाली, आता पुरे. मिस्त्रींना विचारून घ्यावं असं मनात होतं. पण शोरूममधल्या माणसानं माझा मोबाइल गाडीला जोडून दाखवला आणि विज्ञानाचा मास्तर जागच्या जागी पाघळला. नव्या गाडीला कार्बोरेटर नाही, चोक नाही, रिझर्व्हचा कॉक नाही, किकसुद्धा नाही. सगळा कारभार सेन्सरचा. आणि एक अट होती: बाहेरच्या मिस्त्रीचा हात लागला की वॉरंटी गेली.

आता हे कोणत्या तोंडानं सांगणार? तीन महिने मी त्यांच्या रस्त्यानं गेलोच नाही. भाजी आणायला स्टेशनकडून वळसा घालायचो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, स्वतःचीच गाडी चोरीची असल्यासारखी चालवत होतो. शेवटी त्यांनीच चौकात गाठलं. गाडीभोवती एक चक्कर मारली, ती चालू करायला लावली, कान जवळ नेला.

"इचारलं तं असतं सर," एवढंच म्हणाले. मग सर्व्हिसिंगला कधी आणता, असं विचारलं. मी थाप मारली की कंपनीवाले घरूनच घेऊन जातात. त्यांनी मान हलवली. माझा जन्म पोरांच्या थापा पकडण्यात गेला आहे, त्यामुळे थाप कळलेला चेहरा मला बरोबर ओळखू येतो. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

त्यांचं दुकान तेव्हा रोडावत चाललं होतं. पूर्वी दारात गाड्यांची रांग असायची. आता दोन-तीन जुन्या, त्याही गवळ्यांच्या. नव्या गाड्या शोरूमला जायच्या आणि बॅटरीच्या स्कूटर समोरून आवाज न करता निघून जायच्या. त्या गेल्या की मिस्त्री काही वेळ रस्त्याकडे पाहत बसायचे.

माझ्या गाडीची वॉरंटी संपून महिना झाला होता, म्हणजे ती बंद पडायची वेळ झालीच होती. मलकापूरहून येताना हायवेवर ती आचके देत थांबली. पेट्रोल संपलं असणार हे मलाही कळलं. अशा वेळी काय करायचं हे मिस्त्रींनीच शिकवलं होतं: गाडी आडवी करायची, उरलंसुरलं पेट्रोल खाली उतरतं, पंपापर्यंत जाता येतं. मी चावी चालू ठेवूनच ती आडवी करायला गेलो. जुनी हलकी होती. ही हातातून सुटली आणि सरळ मुरमावर जाऊन निजली. उचलून उभी केली, तर स्टार्टर दाबून काही होईना. स्पीडच्या काट्याशेजारी एक पिवळा दिवा तेवढा लागला होता.

शोरूमला फोन लावला, तर एक दाबा, दोन दाबा. मग लाज गुंडाळून मिस्त्रींना लावला. अर्ध्या तासात बाटलीत पेट्रोल घेऊन ते हजर. थापेचा विषयही काढला नाही. पेट्रोल ओतलं, तरी गाडी ढिम्म. मी चावी बंद करायला गेलो तर त्यांचा डावा हात वर. दिवा लागला आहे म्हणजे ती काहीतरी सांगते आहे, बंद नका करू. स्क्रू ड्रायव्हर टेकवला. आवाजच नव्हता. प्लग काढला, पुसला, परत लावला. तासभर उन्हात ते त्या दिव्याकडे पाहत राहिले.

"काय म्हणून राह्यली ते समजून नाही राह्यलं," शेवटी ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मग म्हणाले, "गाडीसंगं आलेल्या त्या पुस्तकात काय लेहेलं आहे, पाहा बरं."

पुस्तक सीटखाली होतं, प्लास्टिकच्या पिशवीसकट, कोरं करकरीत. पाठ्यपुस्तक उघडत नाहीत म्हणून मुलांना रोज बोलणाऱ्या मास्तरचं पुस्तक! बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की गाडी पडली तर इंजिन आपोआप बंद राहतं. चावी बंद करून पुन्हा चालू करावी. मी चावी बंद केली. चालू केली. बटण दाबलं. गाडी सुरू.

मी हसायला लागलो, पण ते हसले नाहीत. रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले.

"ती बोलतच होती सर. इंग्रजीत बोलत होती." मग माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "मले शिकवता का?"

हो म्हणताना मलाच लाजल्यासारखं झालं.

मग ते रोज दिवेलागणीला आमच्या ओट्यावर येऊ लागले. नव्या गाड्यांचा बिघाड वाचणारं, वर्षापूर्वी घेतलेलं स्कॅनर मशीन त्यांनी फडक्यातून काढलं. स्क्रीनवर सगळं इंग्रजी, म्हणून तसंच पडून होतं. मुळाक्षरांपासून सुरुवात केली. शब्द मी वाचून दाखवायचो, आणि तो शब्द गाडीत नेमका काय करतो हे ते मला समजावायचे. थ्रॉटल म्हणजे काय, हे मला त्या ओट्यावर कळलं. तोवर वीस वर्षं मी ते शिकवत होतो. बायको म्हणायची, यांच्यात मास्तर कोण ते एकदा ठरवा.

चार महिन्यांनी ते यायचे थांबले. दुकानाचं शटर खाली. शेजारच्या पानवाल्याकडून कळलं, मिस्त्री मलकापूरच्या शोरूमला लागले. मला सांगितलंसुद्धा नाही! मी खूप रागावलो. आपण वळसा घालून भाजी आणत होतो, हे तेव्हा बरं आठवलं नाही.

परवा सर्व्हिसिंगला तिथं गेलो. मध्ये काच, काचेवर सूचना: ग्राहकांनी आत येऊ नये. आत राखाडी गणवेशात मिस्त्री, समोर लॅपटॉप. मला पाहून ते उठले. मग साहेबाकडे पाहिलं आणि परत बसले.

काउंटरवरच्या मॅडम कागदावरचं माझं नाव वाचून थबकल्या.

"सर, ते तुम्हीच का? आमच्या नव्या मिस्त्रींच्या फॉर्मवर शाळेच्या रकान्यात तुमचं नाव लिहिलं आहे. आमच्या अजून दोघांना पाठवायचं होतं. कुठं आहे तुमची शाळा?"

मी काचेकडे पाहिलं. मिस्त्री मान खाली घालून काहीतरी वाचत होते, ओठ हलवत, एकेक अक्षर.

"बंद आहे सध्या," मी म्हणालो. "एकच विद्यार्थी होता. तो नोकरीला लागला."