पाचवा देखावा

शनिवार, सतरा मे. पहाटेचे पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि गुडरुन शेपेल घडीच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसून नदी शोधत होती.

नदी जागेवरच होती. वेझर रात्रीतून कुठे जात नाही. ओला वास येत होता, खाली बदकांचं भांडण चाललेलं ऐकू येत होतं. दिसत मात्र काहीच नव्हतं. उताराच्या कडेला असलेल्या बाकापुढे हिरव्या पानांची भिंत उभी होती, घट्ट, एकाही भोकाशिवाय.

गुडरुन एक पायरी वर सरकली आणि पुन्हा बसली. पानं. पाचवी पायरी, पानं. सातव्या पायरीवर टायएवढी पाण्याची पट्टी दिसली. आठवीवर नदीचं पूर्ण वळण, होडीचा धक्का आणि पलीकडच्या चर्चचा मनोरा. तिने खिशातली टेप खाली सोडली, जमिनीपासून मोजलं आणि वहीत लिहिलं : बसण्याची उंची दोन मीटर दहा.

वय एकाहत्तर. उतरताना डावा गुडघा बोलला, तिने उत्तर दिलं नाही.

ब्रूखहाइम गावात अडतीस वर्षं टपाल वाटलेली ही बाई. कुठल्या घराचं कुत्रं चावतं आणि कुठल्या घराचा मालक, हे तिला पाठ. एकवीस वर्षांपूर्वी नवरा घर सोडून हामेलनला दुसऱ्या बाईकडे राहायला गेला, तेव्हा पत्ता बदलल्याचा त्याचा अर्ज टपाल कचेरीत तिनेच घेतला, तपासला आणि पिनकोड चुकला होता तो दुरुस्त करून दिला. निवृत्त झाल्यावर भटकंती मंडळाने तिला मार्गप्रमुख केलं. म्हणजे 'सात देखाव्यांची वाट' या चौदा किलोमीटरच्या पायवाटेवरच्या दोनशे चौदा पाट्या तिने रंगवायच्या, बाकं घासायची, आणि सातही ठिकाणांहून नदी नीट दिसते ना हे वर्षातून तीनदा जाऊन बघायचं.

ती बघत होती. अकरा वर्षं, एकही फेरी न चुकवता. नोव्हेंबरात, फेब्रुवारीत आणि एप्रिलच्या सुरुवातीला. कारण तेव्हा वाटेवर पाहुणे नसतात, रंगाचा डबा उघडा ठेवता येतो, कुणी रस्ता विचारत नाही. तेव्हा झाडांवर एक पानही नसतं, ही गोष्ट तिने हिशेबात धरली नव्हती. उन्हाळ्यात ती त्या बाजूला फिरकायची नाही. गावातलं कुणीच फिरकायचं नाही. नदी बघायला डोंगर चढणं हे पाहुण्यांचं काम. गावकऱ्यांना ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते.

गुरुवारी डोर्टमुंडहून एका जोडप्याचं पोस्टकार्ड आलं. 'पाचव्या बाकावर आम्ही चाळीस मिनिटं बसलो. पानं सुंदर आहेत. नदी कुठे आहे?'

गुडरुनने कार्ड दोनदा वाचलं, सायकल काढली आणि वर गेली. आणि हे सगळं नेमकं आजच्या तपासणीच्या दोन दिवस आधी.

वाटेला मिळालेलं मानपत्र टिकवायचं तर दर तीन वर्षांनी तपासणी होते. आधीच्या निरीक्षकांना पालवी फुटली की शिंका सुरू व्हायच्या, म्हणून ते फेब्रुवारीतच येऊन, खूण करून, रुमाल नाकाला लावून परत जायचे. यंदा ते निवृत्त झाले होते. नव्या निरीक्षकबाईंचं पत्र आलं होतं : सतरा मे, सकाळी दहाची होडी. पाच नंबरला नदी दिसली नाही तर देखावे सहा. देखावे सहा तर वाटेचं नाव खोटं. नाव खोटं तर मानपत्र गेलं, नकाशातून वाट गेली, नाहीतर दोनशे चौदा पाट्या नव्याने रंगवायच्या. पहिल्या रंगवायला तिला दोन हिवाळे लागले होते.

झाडं छाटायचीही सोय नव्हती. पक्ष्यांच्या घरट्यांसाठी एक मार्च ते तीस सप्टेंबर छाटणी बंद. हा नियम वाटेच्या सुरुवातीला मोठ्या पाटीवर लिहिलेला आहे. पाटी गुडरुननेच रंगवलेली.

सात वाजता डेटमार फोग्ट ट्रॅक्टर घेऊन आला. बाकामागचं कुरण त्याचं, शिकारीचा परवाना त्याचा, आणि ट्रॅक्टरच्या लोखंडी हातांवर आडवं झोपवलेलं, शेवाळ धरलेलं मचाणही त्याचं. शाळेत तो गुडरुनच्या दोन वर्ग मागे होता आणि साठ वर्षांत ते अंतर भरून काढायची एकही संधी त्याने सोडली नव्हती.

"अगं, एवढा खटाटोप कशाला?" तो ट्रॅक्टरवरूनच म्हणाला. "सातचे सहा करून टाक."

"सातच्या आकड्याचा सहा होत नाही. मी करून बघितला." पाट्यांवरचा सात जर्मन धाटणीचा होता, 7, पोटात आडवी रेघ असलेला.

"मग एक कर. मधली आडवी रेघ खोडली की झाला एक. एका देखाव्याची वाट. लोकांचेही पाय वाचतील, माझी रानडुकरंही सुखाने झोपतील."

"डेटमार, मचाण उतरव."

"उतरवतो गं. पण लिहून घे, सोमवारी परत न्यायचं. आणि वर बसून कुणी डबा खायचा नाही. मला नंतर उंदीर लागतात."

मचाण उभं राहिलं. तिने जुन्या बाकाची फळी खोलून वर बसवली, पाठीला टेका दिला, शिडीच्या पायऱ्या वाळूकागदाने घासल्या. पायऱ्या आठ. नऊ वाजेपर्यंत ती आठ वेळा चढली आणि उतरली. वरून नदी अशी दिसत होती की तिला पहिल्यांदाच वाटलं, पाहुणे अगदीच वेडे नसावेत.

दहाच्या होडीतून श्रीमती ओस्टरकाम्प उतरल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पाठीला पिशवी, हातात जाड फाइल, कमरेला टेप. शिंक नाही, रुमाल नाही.

"शेपेलबाई? निघू या. बोलणं चालता चालता."

पहिल्या देखाव्याला त्यांनी बाकाची उंची मोजली. दुसऱ्याला बाकावर बसून डोळे मिटले आणि उघडले, "पाहुणा कसा बघेल ते बघते," म्हणाल्या. तिसऱ्याला पाटीवरचा रंग नखाने खरवडून पाहिला. रंग निघाला नाही. गुडरुनला बरं वाटलं. चौथ्याला त्यांनी कचऱ्याच्या डब्यात डोकावून पाहिलं आणि डबा रिकामा म्हणून नाराज झाल्या.

"कुणी येत नाही का इथे?"

"मी आज पहाटे रिकामा केला."

"असं. मग ठीक."

पाचव्या वळणावर त्या थांबल्या. मचाणाच्या पायथ्याशी डेटमार टोपी हातात घेऊन उभा होता. त्याच्या लग्नातल्या फोटोनंतर तो असा कुठे उभा राहिल्याचं गुडरुनला आठवत नव्हतं.

"हे काय आहे?"

"मचाण," डेटमार म्हणाला.

"ते दिसतंय. बाक कुठे आहे?"

"वरती," गुडरुन म्हणाली.

ओस्टरकाम्पबाईंनी फाइल उघडली, पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं. "बसण्याची जागा सत्तरीच्या माणसाला हाताचा आधार न घेता गाठता आली पाहिजे."

"मी एकाहत्तरची आहे. सकाळपासून आठ वेळा चढले."

"हात न लावता?"

गुडरुनने शिडीकडे पाहिलं. शिडीने काही मदत केली नाही.

"ही म्हणत असेल तर चढेलसुद्धा," डेटमार म्हणाला. "मी खाली उभा राहतो."

"तू गप्प बस, डेटमार."

ओस्टरकाम्पबाई शिडीला वळसा घालून पुढे गेल्या आणि पानांच्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. "शेपेलबाई, सरळ विचारते. इथून नदी कधी दिसायची?"

"दरवेळी दिसायची. मी आले तेव्हा."

"कधी आलात?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. गुडरुनने पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची वही काढून दिली. खोटं लिहिलं नव्हतं एवढं तरी दाखवावं, म्हणून. ओस्टरकाम्पबाई उभ्या उभ्या वाचू लागल्या. 'आठ नोव्हेंबर. देखावा पाच. नदी दिसते, दोन्ही वळणं, होडी, मनोरा. बाक ठीक.' 'नऊ फेब्रुवारी. देखावा पाच. नदी दिसते. बर्फ झाडला.' 'चार एप्रिल. देखावा पाच. नदी दिसते, पूर चढलेला.' पान उलटलं. पुन्हा नोव्हेंबर, फेब्रुवारी, एप्रिल. अकरा वर्षं, तेहतीस नोंदी, एकाच अक्षरात.

डेटमारने त्यांच्या खांद्यावरून डोकावून वाचलं आणि त्याचं हसू फुटलं. "अगं बाई, अकरा वर्षं तू उघड्या फांद्यांतून नदी मोजत होतीस? एकदा तरी जूनमध्ये यायचंस! मी तर दर जूनला इथे असतो."

"मग सांगायचंस की दिसत नाही म्हणून!"

"मला नदी कशाला बघायची? मी रानडुकरं बघतो. नदी घरून दिसते."

ओस्टरकाम्पबाई हसल्या नाहीत. त्या पुन्हा फाइलमध्ये शिरल्या होत्या. पान मागे, पान पुढे, मग चष्मा कपाळावर. "देखावा वर्षातून किमान पाच महिने खुला असावा," त्यांनी वाचलं. "आठ नोव्हेंबर ते चार एप्रिल किती होतात?"

"पाच महिन्यांना चार दिवस कमी," गुडरुन म्हणाली. हा हिशेब तिचा झाला होता.

"एप्रिलच्या चारलाच पानं येतात?"

"नाही. इथे वीसच्या पुढे. एका वर्षी सोळा तारखेला मी खालची पाटी बदलली. बघा, शेवटून तिसरं पान."

ओस्टरकाम्पबाईंनी पाहिलं. 'सोळा एप्रिल. वादळाने पडलेली पाटी बदलली. पाचवरून होडी मोजता आली, प्रवासी चार.'

"प्रवासी मोजलेत?"

"दिसत होते म्हणून मोजले."

"कोणते पाच महिने, हे नियमात लिहिलेलं नाही," ओस्टरकाम्पबाई सावकाश म्हणाल्या. असं काही आपल्याला सापडेल याची त्यांनाही कल्पना नव्हती असा त्यांचा चेहरा झाला होता. "पण पाहुण्याला तसं कळलं पाहिजे. जागेवर पाटी हवी, तारखांसकट. मला आजच फोटो लागेल. आणि बाक खाली, होतं तिथे."

रंगाचा डबा आणि ब्रश गुडरुनच्या पिशवीत कायम असतो. फळी नव्हती. डेटमारने मचाणाच्या पाठीची फळी उखडली आणि तिच्यापुढे धरली. ती गुडघ्यावर बसली आणि रंगवू लागली. देखावा क्रमांक पाच. खुला : आठ नोव्हेंबर ते सोळा एप्रिल.

"आणि बाकीचे दिवस?" ओस्टरकाम्पबाईंनी विचारलं. "कोरी जागा सोडू नका. लोक तक्रार करतात."

"'बंद' लिही," डेटमार म्हणाला.

"बंद कसं? बाक तर असणार," गुडरुन म्हणाली. तिने ब्रश डब्यात बुडवला, थोडा विचार केला आणि खाली लिहिलं : एरवी, पानं.

फोटो निघाला. बाकाची फळी खाली आली, चार स्क्रू बसले. ओस्टरकाम्पबाई बाकावर बसल्या, डोळे मिटले, उघडले, समोरची पानं जेवढ्यास तेवढी पाहिली आणि फाइलमध्ये पाचच्या चौकटीत खूण केली. सहावा आणि सातवा देखावा वादाविना पार पडला. खाली धक्क्याजवळ रूबार्बच्या आंबट देठांचा केक खाताना त्यांनी सातच्या आकड्यावर सही केली, आणि जाताना म्हणाल्या, "शेपेलबाई, पुढच्या वेळी मी जूनमध्ये येईन."

"या ना," गुडरुन म्हणाली. "पानं असतील."

डेटमार ट्रॅक्टरवर बसून मचाणाकडे बघत राहिला. पाठ गेलेलं मचाण आज हलणार नव्हतं. ट्रॅक्टर दुपारी दुसऱ्या शेतावर हवा होता, आणि उद्या रविवारी ट्रॅक्टरचा आवाज चालत नाही. "सोमवारी सात वाजता," तो म्हणाला. "आणि पाठीची फळी तू देणार."

घरी आल्यावर गुडरुनने डोर्टमुंडच्या जोडप्याला पोस्टकार्ड लिहिलं. 'नदी आहे. नोव्हेंबरात या.' तिकीट लावलं, पिनकोड तपासला आणि वहीत आजची नोंद केली.

उद्या रविवार आहे. मंडळाची सहल दहाच्या होडीने उतरेल, यादीत एकोणीस नावं आहेत. पहिला देखावा पावणेअकराला, चौथा साडेबाराला, डबे सहाव्यावर. पाचव्यावर थांबायचं नाही. तो उद्या पानांत आहे.