मेण खरवडणारी म्हातारी

कारभारणीनं आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते मेथी निवडायचं. "अवं, काड्या कशाला ठेवताय? म्हशीला घालायचीय का भाजी?" म्हणाली. सकाळी ती उठलीच नाही. तेव्हापासून मी देवापुढं दिवा लावला नाही.

पोरगी मला महाळुंग्याहून जर्मनीला तिच्या घरी घेऊन गेली. तिच्या आईचं निरांजनही सोबत नेलं. एकदा तिथल्या जुन्या गावातलं चर्च दाखवायला नेलं. मी सवयीनं दारातच बूट काढले. आत फरशी लई गार. मेणबत्त्यांच्या लोखंडी स्टँडपाशी एक म्हातारी सुरीनं मेण खरवडत होती. तिनं माझे पाय बघितले, बाकावरची उशी आणून पायाखाली सरकवली आणि पुन्हा कामाला लागली. फुंकर मारून चुरा उडवायची, मग बोटानं लोखंड चाचपायची.

मी पोरीला म्हणालो, "विचार तिला, मालक हायेत का?"

"आबा, असं विचारत नाहीत इथं."

"विचार गं."

म्हातारीचा नवरा गेल्या थंडीत गेला होता.

"मग देवाचा राग न्हाई येत?"

पोरीनं विचारलं. म्हातारीनं सुरी न थांबवता उत्तर दिलं.

"येतो म्हणते, आबा. पण म्हणून मेण साचू द्यायचं का, म्हणते."



दुसऱ्या दिवशी सकाळी मी निरांजन बाहेर काढलं. कारभारणीनं लावलेल्या शेवटच्या दिव्याची काजळी त्याला तशीच होती. लिंबाच्या सालीनं ते लख्ख घासलं, पुसलं आणि खिडकीत ठेवलं. वात लावली नाही.