लोगोतली सीताबाई

कवडू थूल सिनेमा कधी पाहायचा नाही. सिनेमा सुरू होण्याआधी जे येतं तेवढं पाहायचा आणि उठून जायचा.

देवळीच्या पुंडलिकरावांची 'पऱ्हाटी चित्र' नावाची कंपनी आहे. टीव्हीसाठी वऱ्हाडी सिनेमे काढते. प्रत्येक सिनेमाच्या आधी कंपनीचा लोगो यायचा. शेतात एक बाई बोंडातला कापूस वेचते, कमरेला बांधलेल्या ओटीत टाकते, मान वर करून हसते आणि त्या पांढऱ्या कापसातून कंपनीचं नाव उमटतं. ती बाई म्हणजे कवडूची बायको, सीताबाई.

ती वारली त्याला वर्ष होत आलं. घरात तिचा फोटो एकच, आधार कार्डावरून मोठा केलेला. त्यात तिचा चेहरा असा, की कोणीतरी दटावून बसवलंय. कवडू त्या फोटोपुढे रोज मेणबत्ती लावायचा, वंदना म्हणायचा, पण बोलायचा मात्र टीव्हीशी. "आली का?" एवढंच. गावातल्या टवाळांना तेवढं पुरे होतं. करोत बापडे चेष्टा, त्यांच्या बायका घरी आहेत.

तो लोगो झाला त्याचीही एक तऱ्हाच. पुंडलिकराव कॅमेरा घेऊन आले तेव्हा वेचणी उरकली होती. शेतात कपाशीच्या नुसत्या पऱ्हाट्या उभ्या, बोंडं रिकामी. पुंडलिकरावांचं तोंड एवढंसं झालं. सीताबाईला त्यांची कीव आली. तिने घरातल्या ढिगातला कापूस पदरात भरून आणला आणि रिकाम्या बोंडांत परत बसवू लागली. जन्मभर कापूस वेचलेली बाई झाडाला कापूस परत देतेय, हे बघून शेजारची आनंदाबाई हसून हसून खाली बसली. सीताबाईलाही हसू आवरेना. लोगोत आहे ते तेच हसू. कवडू तेव्हा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभा होता. त्याला बैल पाण्यावर न्यायचे होते, पण पाय निघेना.

मागच्या महिन्यात एका दुपारी सून जागृतीने हाक मारली, "बाबा, या लवकर, सिनेमा लागून राह्यला."

कवडू हातातला विळा टाकून आला. पडद्यावर निळं आकाश, त्यात गरगर फिरणारं सोनेरी बोंड आणि खाली कंपनीचं नाव. शेत नाही, बाई नाही. कवडू तसाच बसून राहिला. कुठे मध्येच येईल, शेवटी तरी येईल, म्हणून त्याने जन्मात पहिल्यांदा आख्खा सिनेमा पाहिला. जागृतीला त्याच्याकडे बघवेना. ती चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेली.

दुसऱ्या दिवशी तो बसने देवळीला गेला.

"भाऊसाहेब, माही सीता काऊन काढून टाकली तुमी?"

पुंडलिकराव खुर्चीतून उठले. ती वारल्याचं त्यांना आत्ता कवडूकडूनच कळलं. "कवडूभाऊ, चॅनलवाले म्हणे, आता नवीन पाहिजे. माह्या हातात नाई राह्यलं काई." मग म्हणाले, "जुना लोगो तुमच्या मोबाईलमधी टाकून देतो ना. कवाबी पाहा."

"तेच तं," कवडू म्हणाला. "मोबाईलमधी कवाबी दिसन. टीव्हीवर तिची वाट पाहाव लागे, भाऊसाहेब. वाट पाह्याले कोणी तं होतं."

पुंडलिकरावांनी कॉम्प्युटर सुरू केला, लोगोच्या दिवशीचं सगळं चित्रण शोधून काढलं आणि कवडूला शेजारी बसवलं.

लोगोला संगीत होतं, त्यात बाकीचा आवाज कोणी ठेवला नव्हता. इथे संगीत नव्हतं. बांगड्या वाजत होत्या. आनंदाबाई खिदळत होती. सीताबाई वाकून बोंडात कापूस बसवत होती. बसवता बसवता थांबली आणि धुऱ्याकडे वळून ओरडली, "काऊन जी, कवाचे पाहून राह्यले? मी का कुठं पळून चालली का?"

कवडूचे डोळे भरले, पण त्याने पडद्यावरून नजर काढली नाही.

"गेली नं व," तो म्हणाला.