लाइट गेल्यावर ऐकू आलेला क्लच

भिवंडीत एखादा आवाज कुणाला दाखवायला न्यायचा म्हणजे डोकं उठतं. वस्तू तुटली असेल तर दाखवता येते. वाजत असेल तर काय दाखवणार, चारी बाजूंनी माग खडखडत असताना?

आमची मोटारसायकल वाजत होती. जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, म्हशीसारखी जड. मी नर्स होते. माझं उपकेंद्र वज्रेश्वरीच्या पलीकडच्या एका गावात आणि घर धामणकर नाक्याच्या मागे. नवरा लूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग चालू करून देणारा. सकाळी तो मला सोडायचा आणि परत येऊन आपली शिफ्ट धरायचा. सकाळच्या बसचा काही भरवसा नव्हता, म्हणून तर ही गाडी घेतली होती. डॉक्टरसाहेबांनी मला स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "सिस्टर, आणखी एकदा उशीर झाला तर तुम्हाला इथल्या क्वार्टरमध्ये राहायला यावं लागेल." म्हणजे मी तिकडे आणि नवरा इकडे. लग्नाला तीन वर्षं झाली होती. गाडी बसली की आमचं घर मोडणार, इतका तो साधा हिशेब होता.

पावसाळा संपता संपता क्लच घसरायला लागला. नवऱ्याने घरीच प्लेटी बदलल्या आणि हबही बदलला. हब म्हणजे क्लचच्या मधला गोल भाग. त्याच्या आतले दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या दात्यांत बसतात. कंपनीचा हब कुठेच मिळेना, म्हणून लोकल घातला. तेव्हापासून वज्रेश्वरीच्या अलीकडच्या उतारावर गॅस सोडला की माझ्या पायाजवळ टक टक सुरू व्हायची.

"अहो, काहीतरी वाजतंय," उपकेंद्रापाशी उतरल्यावर मी म्हणायची.

"जुनी गाडी हाय. वाजनारच," तो म्हणायचा.

रोज हेच. शेवटी मीच त्याला गाडीसकट मेकॅनिककडे ओढत नेलं. मेकॅनिक उत्तरेकडून आलेला, गॅरेज दोन कारखान्यांमधल्या बोळात. त्याने गाडी चालू केली, इकडे वाकला, तिकडे वाकला आणि म्हणाला, "सिस्टर, गाडी एकदम ओके है. ये तो लूम की आवाज है." दोघं एकमेकांकडे बघून हसले. बाईमाणसाला काय कळतं, असं ते हसणं. मला ते चांगलंच झोंबलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, पुन्हा तेच उत्तर. मी म्हटलं, अंजूरला खाडीकडे चला, तिथे शांत असतं. त्यावर तो म्हणाला, "धंदा छोड के?"

तिसऱ्या खेपेला आम्ही पोचलो आणि लाइट गेली. एकेक करत सगळे माग थांबले. बोळ एवढा शांत झाला की पलीकडच्या गल्लीतल्या बाईचं बोलणं ऐकू आलं.

"आता चालू करा," मी म्हटलं.

टक टक टक. मेकॅनिकने क्लच दाबला, थांबलं. सोडला, पुन्हा सुरू. तो गाडीजवळ उकिडवा बसला. "हां सिस्टर, बोल रहा है. हब ढीला है."

"कुठं?" नवरा म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. भर बोळात मी त्याला बोलले. "एवढं खणखणीत वाजतंय आणि तुम्ही कुठं म्हणता? हब तुम्हीच बसवलात, म्हणून कबूल करायला लाज वाटते का?" तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग मेकॅनिकच्या. मेकॅनिकने नवऱ्याचा हात धरला आणि क्लचच्या कव्हरवर ठेवला. नवऱ्याचा चेहरा उतरला.

"हाय," तो म्हणाला. "हाताला लागतंय."

कव्हर उघडलं. हबचा नट बोटांनी फिरत होता. नट सुटू न देणारा खालचा लॉक वॉशर जुनाच, चपटा झालेला. नवऱ्याने मागाच्या सवयीने थोडी ढिलाई ठेवली होती, कारण मागावर फार आवळलेलं चालत नाही. त्यात हा लोकल हब शाफ्टवर डुलत होता. दर वेळी क्लच सोडला की हिसका बसून तो शाफ्टचे दाते खात होता. दात्यांच्या कडा नुकत्या चकाकायला लागल्या होत्या. "और एक महिना, फिर शाफ्ट गया," मेकॅनिक म्हणाला. तो शाफ्ट तर लोकलमध्येही मिळत नव्हता.

मग नवरा स्पेअर पार्टच्या दुकानातून चार हब उचलून आणून बसला. एकेक शाफ्टवर चढवून, डोळे मिटून हलवून बघत होता. तीन डुलले, चौथा घट्ट बसला. नवा वॉशर, करकचून आवळलेला नट, आठ दिवसांनी पुन्हा उघडून बघायचं, क्लच झटक्यात सोडायचा नाही. मेकॅनिकचं हे सगळं त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं.

घरी चहा पिताना तो म्हणाला, "माग बंद झाले तरी माझ्या कानात चालूच असतात. बारीक आवाज येत न्हाय. गाडीवर तू मागून बोलतेस ते पन न्हाय. मी नुसता हां हां करतो."

मी शाळांत जाऊन पोरांचे कान तपासायची. आणि ज्याच्या पाठीमागे रोज बसायची, त्याचं मला तीन वर्षांत कळलं नव्हतं. मला राग आला, त्याचा, लूमचा आणि सगळ्यात जास्त माझा. मग आठवलं. आठवड्यापूर्वी त्या टकटकीला वैतागून मी गाडीवर मागून विचारलं होतं, "क्वार्टर घेऊनच टाकू का?" आणि तो "हां हां" म्हणाला होता. चार दिवस मी त्याच्याशी धड बोलले नव्हते. कोणती भांडी न्यायची, तेही मनात ठरवून झालं होतं.

मी कप खाली ठेवला, त्याच्या अगदी समोर जाऊन बसले आणि मोठ्याने विचारलं, "मी क्वार्टर घेऊ का?"

"येडी झालीस काय?" तो म्हणाला. "मंग गाडी कुनासाठी खोलली?"