आजीकडून आलेली मूठ

आमच्या गावात, पासलीत, भाताची लावणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी तुमच्या खाचरात राबायचं, उद्या आमच्या. आमच्या खाचरात मात्र कुणी उतरायचं नाही. एकदा आई शेजारणीशी भांडली आणि दुसऱ्याच दिवशी त्या बाईचा हात लुळा पडला. तेव्हापासून गाव म्हणायचं, हिला हिच्या आईकडून मूठ मारायची विद्या आलीय. वडील आधीच गेलेले. आई आणि आम्ही दोघी बहिणी, तिघीच चिखलात वाकायचो.

लावणीच्याच दिवसांत एका दुपारी धाकटी मोबाईलवर कार्टून बघत होती. त्यातली मुलगी हात न लावता दुसऱ्याचं अंग हवं तसं हलवायची. ती विद्या तिला आजीकडून आलेली, आणि राज्यात त्या विद्येवर बंदी. धाकटीनं विचारलं, "आये, तुला येतं का गं असं?"

मला वाटलं, आता हिला मार बसणार. आई मोबाईलकडं बघून म्हणाली, "येत असतं तर समद्या गावाला आपल्या लावणीला न्हाई का उतरवलं असतं, येडे?"

आम्ही दोघी खूप हसलो. आई कंबर धरून उठली आणि परत खाचराकडं गेली.

आई होती तोवर आमच्या सावडीला कुणी आलं नाही. त्या तिघींच्याच लावणीवर मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली.