खंडोबाची शिफारस

माझी नोकरी देवाच्या कोपानं गेली, असं आमचे सुभेदारसाहेब अखेरपर्यंत सांगत राहिले. ती गेली सुभेदारसाहेबांमुळे. ते आता नाहीत, उलट उत्तर देऊ शकत नाहीत, म्हणून हे लिहितोय असं कुणी समजू नये. हे सगळं मी त्यांच्या तोंडावर, मल्हारगंजात, माझ्या भर दुकानात निदान शंभर वेळा बोललो आहे.

मी इंदूरच्या दरबारी फौजेत हवालदार होतो. वडील दरबारच्या पागेत घोड्यांना खरारा करत. त्यांनी मला शिकवलं ते एवढंच, की दात बघून घोड्याचं वय ओळखायचं आणि तोंड बघून विकणाऱ्याची लबाडी. तेवढ्या भांडवलावर मी शिपायाचा हवालदार झालो आणि फौजेच्या भांडारात बसलो. डाळ, गूळ, तेल, कांबळी, सगळी खरेदी माझ्या हातात. मी मल्हारगंजात शिरलो की व्यापारी गादीवरून उठून उभे राहत. ज्यांच्या दारात माझे वडील चण्याचं पोतं पाठीवर घ्यायला उभे राहायचे, तेच व्यापारी. वर्दी अंगावर असेपर्यंत ते उठत होते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

एकच भानगड होती. वर्षातून चार-पाच वेळा मी उभ्याचा आडवा व्हायचो. हातपाय झाडायचो, दातखीळ बसायची, तोंडाला फेस यायचा. शुद्धीवर आलो की डोकं जड आणि जीभ चावलेली. याला मिरगी म्हणतात हे कुठलाही पानवाला सांगेल. पण पहिला झटका आला तो नेमका चंपाषष्ठीला, बराकीतल्या आरतीत, ढोल वाजत असताना. सुभेदारसाहेब खंडोबाचे कट्टर भक्त. मिशा पिळदार, आवाज परेड मैदान ओलांडून जाणारा. त्यांनी परातीतला भंडारा मुठीनं उचलला, माझ्यावर उधळला आणि गरजले, "येळकोट येळकोट! देव आला रे!"

मी डोळे उघडले तेव्हा टोपीपासून बुटापर्यंत पिवळा झालेलो, आणि तीस जवान हात जोडून उभे.

तुम्ही काय केलं असतं? देव आला असं मी कधी म्हणालो नाही. नाही आला, असंही म्हणालो नाही. पहाऱ्याची ड्यूटी आपोआप बंद झाली. उशाशी नारळ कायमचे. झटका येऊन गेला की जवान रांग लावत, "देवा, सुट्टी मंजूर होईल काय?" जीभ दुखत असल्यानं मी नुसता कण्हायचो, त्यांना तो होकार वाटायचा. एकाला तर माझ्या कण्हण्यावर मुलगा झाला. त्यात माझा काहीही हात नव्हता.

मग संस्थान गेलं, मध्यभारत झाला आणि आमची फौज मोठ्या फौजेत घ्यायचं ठरलं. घ्यायचं म्हणजे निवडून. महूहून एक डॉक्टर कॅप्टन आला. चष्मेवाला, बाहेरचा, मराठीचा गंध नाही. त्यानं छाती मोजली, डोळे पाहिले, पाय ठोकले.

"कभी चक्कर, बेहोशी?"

"नहीं साब."

बाजारात मी याहून मोठं खोटं रोज ऐकत होतो, त्यामुळे पापणीही लवली नाही. त्यानं शिक्का उचलला. शाईच्या गादीवर टेकवला. आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या सुभेदारसाहेबांना वाटलं, पोराचं कौतुक राहूनच गेलं.

"साब, ये मामूली जवान नहीं है. इसके बदन में खंडोबा आते हैं."

डॉक्टरनं शिक्का खाली ठेवला. "क्या आते हैं?"

"भगवान, साब. साल में चार-पाँच बार. पहले गर्दन टेढ़ी, फिर दाँत बंद, फिर पूरा बदन थरथर. मुँह में फेस. चार मिनट. मैंने खुद घड़ी लगाके देखा है. बाद में घंटाभर सोता है."

कुठल्याही रोग्यानं आपल्या रोगाची इतकी चोख हकीकत त्या डॉक्टरला दिली नसेल. तो लिहीत गेला, सुभेदारसाहेब सांगत गेले. मधूनच मला डोळ्यांनी खुणावत होते, बघ कसं तुझं वजन वाढवलं.

बाहेर आल्यावर मी उसळलो. "हे काय केलंत, साहेब?"

"अरे भिया, देवाचा माणूस म्हटल्यावर तुला सोडतील होय? बढतीसुद्धा देतील. देख लेना."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच डॉक्टरकडे गेलो. खोट उघडी पडली की लपवत बसायची नाही, स्वतःच तिच्यावर बोट ठेवायचं आणि बोटानं झाकेल एवढीच दाखवायची, ही माझी पद्धत.

"मिरगी आहे, साब," मी हिंदीत म्हणालो. "पण थोडी. मला रायफल कंपनीत घ्या."

"रायफल नाही. गाडी नाही. उंच जागा नाही. आगीजवळ नाही."

मला रायफल नकोच होती. चार वेळा नाही म्हटलेल्या माणसाला पाचव्यांदा नाही म्हणायला जड जातं.

"मग भांडार द्या. तिथे नुसती कांबळी आहेत. पडलो तरी कांबळ्यांवर पडेन."

त्याला हसू आलं, तिथंच सौदा अर्धा झाला. दवाखान्यात ठेवून घेतो, गोळ्या देतो, तीन महिने बघतो, म्हणाला. मी दोन आठवडे म्हणालो. सहावर जमलं. सहा आठवड्यांत झटका आला नाही आणि युनिटचा अहवाल साफ आला, तर हलक्या कामासाठी नाव पुढे पाठवीन. शब्द दिला त्यानं.

महूला सहा आठवडे पांढऱ्या गोळ्या खाल्ल्या. दिवसभर झोप यायची आणि तोंडाला जस्ताची चव, पण एक झटका नाही. एकही नाही! डॉक्टर माझ्यापेक्षा जास्त खूष. राहिला अहवाल. आणि अहवाल लिहिणार कोण, तर सुभेदारसाहेब.

मी इंदूरला आलो, त्यांच्या पाया पडलो. मी सहसा कुणाच्या पडत नाही.

"साहेब, देव आला नाही, एवढंच लिहा."

"अन् तीस जवानांसमोर मी भंडारा कशावर उधळला? मिरगीवर?"

"बरं, देवही लिहू नका, मिरगीही लिहू नका. प्रकृती उत्तम, बस्स."

"तुझ्या नोकरीसाठी मी देवाला खोटं पाडू?"

"देव समजून घेईल. डॉक्टर नाही घेणार."

"नाही."

"माझे वडील पागेत राबले, साहेब. हे गेलं तर मी परत तिथेच."

त्यांचे डोळे भरले. पण मान हलली ती आडवीच. मी आयुष्यात असलं गिऱ्हाईक पाहिलं नाही. त्याला काही नकोच होतं, मग घासाघीस करायची कशावर? माझं डोकं फिरलं. "मग तुमच्या खंडोबालाच भरती करा!" असं ओरडून मी त्यांच्या देव्हाऱ्यासमोरचा नारळ उचलून अंगणात फेकला. तो फुटला. त्यांच्या सुनेनं तो प्रसाद समजून आत नेला.

अहवाल दोन पानी निघाला. महूला बोर्डावर तीन अधिकारी बसले होते, बाजूला चष्मेवाला डॉक्टर. मधल्यानं त्याचं भाषांतर मोठ्यानं वाचलं. देव येतो, कुणाला इजा करत नाही, सुट्ट्यांबद्दल सांगितलेलं बहुतेक खरं ठरतं. वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, "भगवान ड्यूटी के टाइम पे भी आते हैं?" तिघंही हसले. चष्मेवाला नाही हसला. त्यानं माझ्याकडे बघून हळूच हात खाली केला, गप राहा म्हणून.

मी म्हणालो, "साब, बड़े अफसर मुआयने पे आते हैं तब पूरा दिन काम बंद रहता है. भगवान तो चार मिनट में चले जाते हैं."

हसणं थांबलं. अनफिट.

काही लोक म्हणतात, नोकरी माझ्या तोंडानं गेली. चूक. मुळात अहवाल साफ असता तर तोंड उघडायची वेळच आली नसती.

मल्हारगंजात मसाल्याचं दुकान काढलं. चाललं, चांगलं चाललं. शेजारचे व्यापारी मला बघून आता उठत नाहीत, सरकून जागा देतात. वयोमानानं घरी बसवलेले सुभेदारसाहेब रोज सकाळी येऊन बाकावर बसायचे, मी रोज त्यांना बोल लावायचो आणि ते रोज त्या फेकलेल्या नारळाचं नाव काढून सगळं देवाच्या कोपावर ढकलायचे. त्यांनी यायचं सोडलं नाही. माझ्या गोळ्या चालू होत्या. पुढच्या चंपाषष्ठीला त्यांनी मला ओढून आरतीला नेलं, ढोल कानाशी वाजवायला लावला, मूठ भरून तयार राहिले. मी शेवटपर्यंत टाळ्या वाजवत उभा. भंडारा त्यांनी परत परातीत टाकला.

आठवड्यानं ते दुकानात आले ते कागद घेऊन. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, या जवानाच्या अंगात देव येत नाही. खाली सही, जुन्या हुद्द्यासकट.

"जा," म्हणाले. "आता खोटं नाही. गेला तो तुला सोडून."

मी गेलो. मूर्खासारखा इस्त्रीचे कपडे घालून गेलो. आमच्या बराकीत आता दुसरंच खातं बसलेलं. बाबूनं कागद उलटसुलट केला. "भिया, तुमची फौजच राहिली नाही. तुम्हाला ठेवू कुठे?"

परत आलो तर सुभेदारसाहेब बाकावरून उठून उभे. "काय म्हणाले?"

मला खरं सांगता आलं असतं. पण वर्षभराचा राग पोटात होता.

"म्हणाले, देव येत असता तर घेतलं असतं."

ते खाली बसले. बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मग हात पुढे केला, "दे तो कागद. दुसरा लिहून देतो."

मी तो दिला नाही. अजून माझ्याकडे आहे.