चोराची पसंती

आमच्या ताईच्या सासऱ्यांइतका चोरांबद्दल आदर बाळगणारा माणूस अख्ख्या सुरतेत सापडायचा नाही. स्वतः मात्र शेजाऱ्याच्या झाडाचा कढीपत्ताही विचारून तोडणार. उधन्याच्या एका साडीमिलमध्ये त्यांनी उभा जन्म हातानं डिझाइनं काढली, आणि सुरतेत डिझाइन चोरणं म्हणजे चहा पिण्याइतकं सहज. यांची नवी कोयरी सोमवारी बाजारात आली की गुरुवारी तिची जुळी बहीण समोरच्या दुकानात टांगलेली. शेठ कपाळ बडवून घ्यायचा आणि हे पेढे वाटायचे. चोरीला गेलं म्हणजे डिझाइन पास झालं, असं त्यांचं सरळ म्हणणं.

टीव्हीवर परदेशातल्या संग्रहालयातून चित्र चोरीला गेल्याची बातमी लागली की घरात कुणी खोकायचंसुद्धा नाही. मी त्यांना मामा म्हणायचो. एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, मामा, असलं नावाजलेलं चित्र विकायला काढलं की माणूस पकडलाच जातो. म्हणून चोर ते दडवतात, विमावाल्यांकडून पैसे उकळतात, नाहीतर दुसऱ्या गुन्ह्यात सापडले की शिक्षा कमी करून घ्यायला सौद्यात पुढे करतात. पाटावर चपला घालून जेवायला बसलेल्या माणसाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "विकत घेणारा भाव बघतो, पाहुणे. जीव धोक्यात घालून नेतो, त्यालाच ते खरं आवडलेलं असतं."

पुढे मिलमध्ये कॉम्प्युटर आला आणि मामा घरी बसले. हातच्या कामाला आता गिऱ्हाईक नाही, असं शेठनं तोंडावर सांगितलं. मामांनी मग कोऱ्या कापडावर मामींचं चित्र काढलं: लाल लुगडं, पुढे चूल, हातात कळण्याची भाकरी. नाक बघून मामींनी दोन दिवस अबोला धरला. मामांनी ते दारापुढच्या ओट्यावर टांगलं, अगदी कुणाच्याही हाताला येईल असं, आणि चोराची वाट बघत बसले. दोन वर्षं गेली. मध्ये एकदा चोर आलाही, पण चित्राखालची बादली घेऊन गेला. गल्ली हसली. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. पण त्या दिवशी मामा जेवले नाहीत. "शेठ खोटं नव्हता बोलत," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

त्या श्रावणात आम्हा खानदेशी लोकांच्या कानबाईच्या विसर्जनाला सगळी गल्ली तापीवर गेली. मी पोट दुखतंय म्हणून मागे राहिलो आणि ताईच्या सासूबाईंना खिळ्यावरून उतरवून, गुंडाळून, स्कूटरवर घालून पळवून आणलं. संध्याकाळी मामांनी गल्लीभर सुरतेची तुपाळ, गोड घारी वाटली, मलाही दोन दिल्या. पोलिसांत जा असं कुणीतरी सुचवलं तर त्याच्यावरच उखडले. ज्याला आवडलं त्यानं नेलं, त्याच्यामागे पोलीस कशाला लावायचे? मामीसुद्धा नाकाचं विसरून चार घरी सांगून आल्या की मला चोरून नेलं. पंचाईत झाली ती माझी. कपाट उघडलं की आतल्या मामींना बघून बायको दचकून पदर सावरायची.

दिवाळीत मामा आमच्याकडे जेवायला आले. निघताना दारात चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता, घरच्या अहिराणीत हळूच म्हणाले, "तो चोर कोठे भेटना तं त्याले सांगजो, उनमा ठेवू नको. लाल रंग लवकर उडस."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. कधीपासून, ते विचारायचा मला धीर झाला नाही. घारी वाटतानाही ठाऊक होतं का? मी नुसतं "सांगतो" म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा दाबला आणि कठड्याला धरून सावकाश जिना उतरले.